आई गेली तेव्हा रडू आलं नाही, आणि चार महिन्यांनी व्हॉट्सॲपच्या एका ओळीवर आलं

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणारे चाळिशीतले, इंदूरचेच, सुपर कॉरिडॉरकडे आयटीत नोकरी करतात. फेब्रुवारीत ऑफिसात असताना मावसभावाचा फोन आला, आई सीरियस आहे, लगेच ये. पोचले तेव्हा कळलं की फोन केला त्याच्या आधीच आई गेली होती. तोंडातून फक्त "ठीक आहे" निघालं. मग हॉस्पिटलचं बिल, शववाहिनी, पंचकुइयाला अंत्यसंस्कार, पेपरात उठावण्याची, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेची, जाहिरात, खेडीघाटला अस्थी, तेरावा, सगळं यांनीच केलं आणि डोळ्यातून टिपूस नाही. ग्वाल्हेरहून आलेली आत्या स्वयंपाकघरात म्हणाली की पोरगा दगडाचा आहे, ते यांच्या कानावर गेलं. मग जूनमध्ये एका संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर ती बारीक करडी ओळ आली, आई ग्रुपमधून बाहेर पडली, आणि हे ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर असे रडले की श्वास लागेना. आता विचारतायत की माझ्यात काही बिघडलंय का, मी डिनायलच्या, म्हणजे नाकारण्याच्या, स्टेजमध्ये अडकलो होतो का, की माझं आईवर प्रेमच कमी होतं. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ, बाबा तसे ठीक आहेत, टीव्ही बघत असतात, कोणाला त्रास नाही.

त्या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येणार आहे आणि तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

आधी तुमचं. मी बरीच वर्षं इंदुरात शोकातल्या लोकांसोबतच काम करतेय, समुपदेशक म्हणून, त्या अनुभवावरून स्पष्ट सांगते, बातमी ऐकल्यावर पहिल्या तासात किंवा पहिल्या तेरा दिवसांत माणूस काय करतो त्यावरून त्याचं प्रेम किती होतं हे अजिबात कळत नाही. कोणी किंचाळतं, कोणी चहा ठेवायला उठतं, कोणी विचारतं की आज तारीख काय, कोणाला एकदम सडकून भूक लागते, कोणाला हसू येतं आणि ते दाबता दाबता जीव जातो. एका बाईंनी नवरा गेल्याचं ऐकल्यावर आधी दारातले वाळत घातलेले कपडे काढले, घड्या घातल्या, कपाटात ठेवले, आणि मग खाली बसल्या. ही सगळी त्याच धक्क्याची रूपं. अचानक वाईट ऐकलं की शरीर एकदम इमर्जन्सीवर जातं, मन ती बातमी पूर्ण आत घेतच नाही, समोर जे करण्यासारखं आहे तेवढंच दिसतं. तुमच्या समोर बिल होतं, शववाहिनी होती, बाबांना घरी नेणं होतं, बहिणीला फोन करणं होतं. ते तुम्ही केलंत. घरात एकाला करावंच लागतं आणि आपल्याकडे ते बहुतेक मोठ्या मुलावर येतं, आणि मग त्यालाच ऐकवतात की तू रडला नाहीस.

इंदुरात ग्रीन कॉरिडॉर झाल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचतो, ब्रेनडेड माणसाच्या घरच्यांनी अवयवदानाला हो म्हटलं, रस्ते मोकळे केले, अवयव वेळेत पोचले. विचार करा त्या बायकोचा किंवा आईचा, जिने बातमी ऐकल्यावर काही तासांत त्या कागदांवर नीट सही केली. तिचा हात स्थिर होता म्हणून तिचं दुःख कमी असं कोणी म्हणेल का. मग स्वतःबद्दल का म्हणताय.

आता ते "ठीक आहे". तुम्ही लिहिलंय की तो आवाज अजून कानात येतो, किती थंड होता तो. याबद्दल एक सांगते. अशा क्षणाच्या आठवणी आपल्याला फोटोसारख्या लख्ख वाटतात, कोण कुठे उभं होतं, पंखा चालू होता का, सगळं. पण लख्ख वाटणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं, तेव्हा उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली, आणि काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. कित्येकांचं नवं उत्तर आधीच्या लिखाणाशी जुळेना, आणि तरीही त्यांना स्वतःच्या आठवणीबद्दल खात्री होती. तुमच्या डोक्यात तो आवाज गेले काही महिने रोज वाजतोय आणि प्रत्येक वेळी आत्याच्या बोलण्याची त्यात भर पडतेय. मावसभावाला विचारून बघा तुमचा आवाज कसा होता म्हणून. मला शंका आहे की तो वेगळंच काहीतरी सांगेल.

आणि मावसभावाचा विषय निघालाच आहे तर, हे "सीरियस आहे, लवकर ये" प्रकरण. आपल्याकडे घरोघरी हेच सांगतात, माणूस गेलेला असतो पण फोनवर सीरियस म्हणायचं, म्हणजे तो नीट गाडी चालवत येईल, वाटेत कोसळणार नाही. हेतू चांगला असतो हे मी मान्य करते, त्या भावाला दोष देऊ नका. पण याने होतं काय, तर येणारा माणूस अख्खा रस्ता आशा करत येतो, कोणत्या डॉक्टरला फोन करू, रक्त लागेल का, नवस बोलतो, आणि दारात पोचल्यावर लोकांच्या चेहऱ्यांवरून त्याला कळतं. म्हणजे त्याला एकाच वेळी दोन गोष्टी गिळाव्या लागतात, आई गेली आणि माझ्याशी खोटं बोलले. बरेच लोक त्या दारातच गोठतात. तुम्हीही तिथेच गोठलात असं मला वाटतं.

डॉक्टरांना वाईट बातमी कशी सांगायची याचं शिक्षण असतं, 2000 साली वॉल्टर बेल आणि रॉबर्ट बकमन वगैरेंनी कॅन्सरच्या पेशंटसाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली, ती पुष्कळ ठिकाणी शिकवतात. घरच्या माणसांना तेवढं सगळं नको पण त्यातलं थोडं जमण्यासारखं आहे. फोन केला की आधी विचारा, तू कुठे आहेस, गाडी चालवतोयस का, बाजूला कोण आहे. चालवत असेल तर थांबायला सांगा. मग सांगा, वाईट बातमी आहे. एक श्वास थांबा. आणि मग साध्या शब्दात, आई गेली. त्यानंतर बडबड करू नका, तो जे बोलेल ते ऐका. आणि एकट्याला गाडी चालवत येऊ देऊ नका, ऑफिसातल्या कोणाला तरी सोबत पाठवायला सांगा किंवा तुम्ही कोणाला पाठवा. खोटं न बोलता त्याला सुखरूप आणता येतं.

डिनायलच्या स्टेजबद्दल विचारलंत. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या पाच स्टेज एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडल्या आणि त्या मांडल्या होत्या ज्यांना स्वतःचाच मृत्यू समोर दिसत होता अशा पेशंटशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या आणि मग लोकांना वाटायला लागलं की हा सिलॅबस आहे, एक धडा झाला की दुसरा. असं होत नाही. माझ्याकडे येणारी माणसं सकाळी रागात असतात, दुपारी ऑफिसात हसतात, रात्री उशीत तोंड खुपसतात, आणि दुसऱ्या दिवशी काहीच वाटत नाही म्हणून घाबरतात. त्यापेक्षा मला मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेलं जास्त पटतं, की माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत राहतो, एकीकडे गेलेल्याचं दुःख, दुसरीकडे रोजचं जगणं, बिलं, नोकरी, मुलांची शाळा. ही ये-जा चालू असणं हेच बरं लक्षण. तुमच्या बाबतीत एवढंच झालं की पहिले चार महिने तुम्ही बहुतेक वेळ दुसऱ्या बाजूला उभे होतात कारण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला वाटतो तो त्या करड्या ओळीचा. आधी ते झालं कसं ते सांगते कारण तुम्ही कुठेतरी विचारलंय की आईचा फोन कोणी उघडला का. कोणी उघडला नाही. फोन कपाटात बंद पडून होता ना, व्हॉट्सॲपचं अकाउंट साधारण 120 दिवस वापरात नसलं की ते आपोआप डिलीट होतं आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये तो नंबर होता तिथे दिसतं की हा माणूस ग्रुप सोडून गेला. डिसेंबर 2019 मध्ये काश्मीरमधली असंख्य माणसं अशीच एकदम आपापल्या ग्रुपमधून बाहेर पडलेली दिसली होती, ऑगस्टपासून तिथे इंटरनेट बंद होतं म्हणून, आणि बाहेर राहणारे त्यांचे नातेवाईक ते बघून घाबरले होते. फेब्रुवारी ते जून, तुमचा हिशोब बरोबर तेवढाच येतो.

आता ते बघून तुम्ही का कोसळलात. कारण पंचकुइयाला तुम्ही काम करत होतात, तिथे गुरुजी सांगत होते आता हे उचला, आता इकडून फिरा, शंभर माणसं बघत होती. गाडीत कोणी नव्हतं. काम नव्हतं. आणि ती ओळ अशी होती की आईने स्वतः काहीतरी केलं, ती उठून गेली. बातमी एकदा येते हो, पण माणूस आपल्या आयुष्यात जिथे जिथे होता तिथून तो वेगवेगळ्या दिवशी जातो. सकाळच्या सव्वानऊच्या फोनमधून जातो, फ्रिजमधल्या शेवटच्या लोणच्याच्या बरणीतून जातो, गॅसच्या कनेक्शनवरचं नाव बदलताना जातो, बँकेत नॉमिनीचा फॉर्म भरताना समोरचा विचारतो "डिसीज्डचं नाव?" तेव्हा जातो. सानंद या आपल्या मराठी संस्थेच्या नाटकाला शेजारच्या खुर्चीवर दुसरंच कोणी येऊन बसतं तेव्हा जातो. लोकमान्य नगरमधलं किंवा रामबागेतलं जुनं घर विकलं की त्या दिवशी आई आणि बाबा दोघंही पुन्हा जातात, असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. यातल्या कुठल्या जाण्याला तुम्हाला रडू येईल हे आधी कोणी सांगू शकत नाही, आणि त्यातलं कुठलंच खोटं नसतं.

तासभर रडलो, छाती आवळली, श्वास लागेना, घसा दाटला, हातापायातलं बळ गेलं असं लिहिलंय तुम्ही. बोस्टनमध्ये 1942 मध्ये एका नाइट क्लबला आग लागली, 492 माणसं गेली, त्यानंतर एरिक लिंडेमन नावाच्या डॉक्टरांनी मागे राहिलेल्यांना आणि इतरही शोकग्रस्तांना भेटून 1944 मध्ये जे लिहिलं त्यात जवळजवळ हेच शब्द आहेत. घशात आवळल्यासारखं, सारखे उसासे, पोटात पोकळी, अंगात ताकद नाही, आणि ही लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. म्हणजे तुमच्या शरीराने जे केलं ते ऐंशी वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलेलं आहे. फक्त एक, छातीत दुखणं आलं, हाताकडे जाणारी कळ, घाम, चक्कर, तर हे शोकाचंच असेल असं म्हणत गाडीत बसून राहू नका, सरळ इसीजी काढा. धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता दुबळा होऊन फुगतो असा एक आजार आहे, ताकोत्सुबो म्हणतात, जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं, तो जास्त करून वयस्कर बायकांमध्ये दिसतो आणि सुरुवातीला हार्ट ॲटॅकसारखाच वाटतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात पण तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

परक्या माणसासाठी रडू येतं आणि घरच्यासाठी येत नाही, हाही एक प्रकार फार सापडतो. 6 फेब्रुवारी 2022 ला लताबाई गेल्या तेव्हा इंदुरात, त्यांचं जन्मगाव म्हणून, घराघरात लोक रडले. त्यानंतर माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, ओळख बदलून सांगते, वडील आधीच्या वर्षी कोविडमध्ये गेलेले, अंत्यसंस्काराला मोजकी माणसं, चेहरा बघायला मिळाला नाही, उठावणा नाही, तेराव्याला फक्त घरचे. तेव्हा हे रडले नव्हते. आणि टीव्हीवर शिवाजी पार्कचं दृश्य बघताना यांना आवरेना. बायको म्हणाली, सख्ख्या बापासाठी नाही आणि गाणाऱ्या बाईसाठी रडताय. मी त्यांना विचारलं, घरी गाणी कोण लावायचं. वडील लावायचे, रोज सकाळी, दाढी करताना. त्या दिवशी रडायला सगळ्या गावाची परवानगी होती, त्यात त्यांनी वडिलांचं रडून घेतलं.

तेरा दिवसांबद्दल माझं मत विचाराल तर त्यांचा उपयोग आहे. लोक येतात, तेच तेच विचारतात, कसं झालं, कधी झालं, आणि आपण तेच तेच सांगतो, त्या सांगण्यातून बातमी हळूहळू आपल्याही कानात शिरते. दहाव्याला कावळ्याची वाट बघत सगळे बसतात तेव्हा गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल याच्यावर घरातले पहिल्यांदा मोकळं बोलतात, मी स्वतः ऐकलंय. पण आता हे फार आटलंय. तिसऱ्या दिवशी उठावणा, सगळं त्याच संध्याकाळी, चौथ्या दिवशी पुण्याचा मुलगा पुण्याला आणि अमेरिकेतली मुलगी विमानात. तक्रार नाही करत, सुट्ट्या मिळत नाहीत हे खरंच आहे. पण मग ते सांगणं आणि ऐकणं उरतं, ते कुठेतरी करावं लागतं. फोनवर करा, रविवारी करा, पितृपक्षात तिथीला सगळे एका कॉलवर बसा, पण करा. कारण चौथ्या दिवशी निरोप घेतलेल्या बहीण-भावांची मी सहा महिन्यांनी भांडणं बघते, घराच्या वाट्यावरून, आईच्या पाटल्यांवरून, आणि बऱ्याचदा त्या भांडणात पाटल्या नसतातच, दोघांना एकमेकांसमोर रडायचं राहून गेलेलं असतं.

आता एक प्रतिक्रिया, जी कोणी कबूल करत नाही आणि मला ती मुद्दाम इथे लिहायची आहे कारण तुमच्यासारखे इतरही वाचतील. सुटल्यासारखं वाटणं. पाच पाच वर्षं स्मृतिभ्रंश झालेल्या सासूचं सगळं करणारी सून, कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यांत रात्र रात्र जागणारा मुलगा, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याची बायको, यांना बातमी ऐकल्यावर पहिली जी गोष्ट वाटते ती बऱ्याचदा दुःख नसते, ती असते "सुटलो". आणि दुसऱ्या सेकंदाला त्याची इतकी लाज वाटते की पुढची कित्येक वर्षं ती लाजच दुःखासारखी वागवतात. अशा बायका माझ्यासमोर बसून तास तास इकडचं तिकडचं बोलतात, आणि उठता उठता दारात म्हणतात, ताई, मला त्या रात्री छान झोप लागली हो. आणि मग रडतात. मी त्यांना एवढंच सांगते की तुमचं शरीर कित्येक महिने जागं होतं, ते झोपलं. तुम्हाला तो माणूस मरायला नको होता, ते हाल संपायला हवे होते, आणि त्या दोन गोष्टी एकाच वेळी संपल्या यात तुमचा हात नाही. मारणाऱ्या नवऱ्याच्या बाबतीत तर मी हेही म्हणते की सुटका वाटली तर ती सुटकाच आहे, तिला दुसरं नाव देऊ नका, आणि तरीही एखाद्या दिवशी रडू आलं तर तेही येऊ द्या, ज्या चांगल्या नवऱ्याची वाट बघितली तो आता कधीच येणार नाही याचं ते रडू असतं.

काही शेवट असे असतात की ज्यांना दिवस नाहीत, सुतक नाही, भेटायला कोणी येत नाही. केनेथ डोका यांनी 1989 च्या सुमारास यावर लिहिलं, समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही असं दुःख. पोटातलं बाळ तिसऱ्या महिन्यात जाणं. घटस्फोट. पाळलेला कुत्रा. लपवून ठेवलेलं प्रेम, ज्याच्या अंत्ययात्रेत मागच्या रांगेत उभं राहावं लागतं. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको, आपल्या बंद पडलेल्या कापडगिरण्या. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली, कामगारांचे पैसे सुटले ते 25 डिसेंबर 2023 ला, 224 कोटी, जवळपास 4,800 कामगारांचे, आणि तोपर्यंत त्यातले कितीतरी गेलेले होते, पैसे घ्यायला विधवा आणि मुलं. अशा घरातली आताची पन्नाशीतली मुलं येतात तेव्हा सांगतात की मिल बंद झाल्यावर वडील बोलायचेच बंद झाले. त्या माणसाचं काय गेलं होतं ते कोणी त्याला विचारलं नाही, सगळे विचारत होते आता करणार काय. तर तुमच्या ओळखीत कोणाची नोकरी गेली, दुकान बंद झालं, लग्न मोडलं, तर पहिल्याच दिवशी पुढचा प्लॅन विचारू नका.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, आठ वर्षांची आहे आणि तिला सांगितलंय की आजी झोपलीये, देवाकडे. झोपलीये हे बदला. मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, काही मुलं झोपायलाच घाबरायला लागतात. आजीचं शरीर काम करायचं थांबलं, ती आता परत येणार नाही, आम्हालाही वाईट वाटतं, असं साधं सांगा, आणि ती दहा मिनिटं रडून लगेच खेळायला पळाली तर तिलाही दगड म्हणू नका.

काळजी कधी करायची. रडू येणं, उशिरा येणं, न येणं, आईचा आवाज आल्याचा भास होणं, तिचा वास असलेली साडी जपून ठेवणं, तिच्याशी मनात बोलणं, यातलं काही आजार नाही. वर्ष उलटून गेलं तरी जवळजवळ रोज तीच तळमळ, जगण्याला काही अर्थच नाही असं वाटणं, ती गेली हे स्वीकारताच न येणं, कामात, माणसांत अजिबात परतता न येणं, असं असेल तर त्याला आता वेगळं निदान आहे, लांबलेला शोक. अमेरिकन मानसोपचार संघटनेने ते 2022 मध्ये आपल्या मानसिक आजारांच्या पुस्तकात घेतलं, मोठ्या माणसांसाठी कमीत कमी बारा महिने झालेले हवेत, लहान मुलांसाठी सहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ही मुदत सहा महिने आहे. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आणि तिच्याकडे जावंसं वाटतं, मरून जावं असं वाटतं, असा विचार आला तर महिने मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या प्रश्नात मला यातलं काही दिसत नाही. आईच्या व्हॉइस नोट मात्र आजच वाचवा. आईच्या फोनवरचं अकाउंट गेलं तरी तिने तुम्हाला पाठवलेलं तुमच्या चॅटमध्ये आहे, ते एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा, बहिणीकडेही द्या. आणि तिचा नंबर हवा असेल तर सिम तपासा, रिचार्ज न केलेला नंबर कंपनी बंद करते आणि काही काळाने दुसऱ्या कोणाला देऊन टाकते. आईच्या नावाखाली एक दिवस परक्या माणसाचा फोटो दिसणं फार वाईट असतं, ते टाळता येईल तर टाळा. आत्याला काही उत्तर देऊ नका, पण ती पुढच्या वेळी येईल तेव्हा तिला विचारा आई लग्न होऊन आली तेव्हा कशी होती. तिचंही कोणीतरी गेलंय.

आता बाबा. "तसे ठीक आहेत, टीव्ही बघतात, कोणाला त्रास नाही." मला तुमच्यापेक्षा त्यांची काळजी वाटतेय हे मोकळेपणी सांगते. इंग्लंडमध्ये 55 वर्षांवरच्या 4,486 विधुरांचा पाठपुरावा केला होता, कॉलिन मरी पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ते 1969 मध्ये छापलं, बायको गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी जास्त होतं आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा. हे घाबरवायला नाही सांगत. पण आपल्याकडच्या त्या पिढीतल्या पुरुषांचं बघा, गोळी कुठली कधी घ्यायची ते बायको सांगायची, पाणी प्या ती म्हणायची, मुलांशी बोलणंसुद्धा तिच्यामार्फत, फोन तिलाच यायचा आणि शेवटी ती म्हणायची "थांब, बाबांना देते". ती गेली की त्यांचा घरातल्या सगळ्यांशी असलेला संबंधच तुटतो, आणि ते काही मागत नाहीत म्हणून सगळे म्हणतात ते ठीक आहेत. समोर टीव्ही चालू असतो, ते तो बघतात की नाही हे कोणी बघत नाही.

तेव्हा हे करा. बीपी आणि शुगर या आठवड्यात तपासून घ्या, आणि गोळ्यांची पाकिटं तुम्ही स्वतः मोजा, किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात. वजन करा, पँट ढिली झालीये का बघा. त्यांना घरातलं एक काम द्या जे त्यांच्यावाचून अडेल, दूध आणणं असो, नातीला बसस्टॉपवर सोडणं असो, पण खोटं खोटं नको, त्यांना कळतं. सकाळी नारायण बागेत जायचे असं लिहिलंय तुम्ही, ते बंद झालंय का विचारा, आणि त्यांच्या त्या ग्रुपमधल्या एखाद्या काकांना तुम्ही स्वतः फोन करून सांगा की बाबांना घ्यायला घरी या, कारण ते स्वतःहून जाणार नाहीत. त्यांच्यासमोर आईचा विषय टाळू नका, सगळे टाळतात आणि मग त्या माणसाला वाटतं तिची आठवण फक्त मलाच येते. पार्किंगमध्ये काय झालं ते त्यांना सांगा. तुम्ही रडलात हे त्यांना कळलं तर त्यांनाही जमेल कदाचित. नाही जमलं तरी चालेल, शेजारी बसा. आणि झोपेचं विचारताना "झोप लागते ना" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात, "रात्री किती वाजता जाग येते" असं विचारा, आणि वेळ जर रोज तीच, तीन-साडेतीनची सांगायला लागले आणि जेवणही कमी झालेलं असेल, तर त्यांना घेऊन डॉक्टरकडे जा, तुमची अपॉइंटमेंट त्यानंतर घेऊ.